व्याह्याच्या झुडपापाशी बुरूज

लुआनने उभ्या आयुष्यात कुणावर पहिला हात उचलला नव्हता. ना घरात, ना कचेरीत, ना कॉम्प्युटरवर. व्हिएतनाममधल्या नामदिन्ह शहराच्या पाणीपुरवठा कचेरीत तो मीटर विभागाचा उपप्रमुख होता, आणि उपप्रमुखाने पहिला हात उचलायचा नसतोच. प्रमुखाने उचलला की आपलाही वर करायचा, एवढंच काम. संध्याकाळी कचेरीतली मंडळी गल्लीच्या तोंडाशी क्वेतच्या दुकानात 'साम्राज्य' खेळायला बसत. मूठभर गडी मिळतात. त्यांनी फळं तोडायची, लाकडं फोडायची, गाव वाढवायचं आणि मग एकमेकांची गावं जाळायची, असा तो खेळ. त्यातली जाळपोळ सोडून बाकी सगळं लुआन मन लावून करी. गावाभोवती भिंत बांधी, त्या भिंतीबाहेर आणखी एक भिंत बांधी, आणि दोन्ही भिंतींच्या आत सुखासमाधानाने हरत असे. मंडळींनी त्याचं नाव 'कोठार' ठेवलं होतं. कुणाला धान्य कमी पडलं की "कोठारा, पाठव रे पोतं," एवढ्यापुरती त्याची आठवण व्हायची.

अशा माणसाने आपल्या होणाऱ्या व्याह्याची अख्खी वस्ती मारून टाकावी, याला काय म्हणावं? लुआनच्या बायकोने, मिएनने, जे म्हटलं ते पुढे येईलच.

झालं असं, की हानच्या लग्नाचं जमत आलं होतं. हान ही त्यांची एकुलती एक. मुलाचं नाव फोंग, आणि त्याचे वडील दोआन, पोस्टातून निवृत्त झालेले. लग्नाचं बोलायला पहिल्या दारभेटीला दोआन आले तेव्हा पांढऱ्या शर्टाची इस्त्री अशी, की बसताना सोफ्यालाच संकोच वाटावा. आल्या आल्या त्यांनी देव्हाऱ्यासमोर उदबत्ती लावली. तिथे लुआनच्या वडिलांचा लष्करी टोपीतला फोटो होता, म्हणजे आत्ताच्या लुआनच्या निम्म्या वयाचा एक पोरगा. दोआननी त्या पोरग्याला वाकून नमस्कार केला, मग लुआनच्या म्हाताऱ्या आईला केला, आणि मगच चहाला हात लावला. मिएन जाम खूश झाली.

सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात फोंग बोलून गेला, "बाबासुद्धा साम्राज्य खेळतात हं, काका."

"छे हो, आपलं वेळ जायला म्हणून," दोआन म्हणाले. "पण एकदा बसू या का व्याहीबुवा? पुढच्या रविवारी आम्ही साखरपुड्याची तबकं घेऊन येणारच आहोत. आदल्या दिवशी एक डाव होऊन जाऊ दे, गंमत म्हणून."

गंमत! या एका शब्दाने जगात जेवढी घरं मोडली तेवढी दारूनेही मोडली नसतील.

पाहुणे गल्लीबाहेर पडतात न पडतात तोच मिएनने दार लावून घेतलं. "हे बघा, मुलगी त्यांच्या घरात नांदायला जायची आहे. तुम्ही हरायचं. नीट, हसतमुखाने हरायचं. कळलं?"

"मी काय मुद्दाम जिंकतो होय कधी?"

"नाही ना? मग झालं तर. सवयीचंच काम आहे."

बोलणं खरं होतं, म्हणूनच ते लुआनला लागलं. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी मुईमावशीच्या टपरीवर थंड चहा पिताना त्याने सहज, अगदी सहज विषय काढला, की समजा चौघे खेळत असले, तर सुरुवातीलाच लढाई काढणं कितपत शहाणपणाचं? दुपारपर्यंत गल्लीत दोन तट पडले.

"पहिला गोळा तुझा नसेल तर त्याचा असतो," तिएपकाकांनी निकाल दिला. तिएपकाका म्हणजे निवृत्त तोफखानेवाले आणि सध्याचे गल्लीप्रमुख. त्यांनी जन्मात कॉम्प्युटरला बोट लावलं नव्हतं. पण तोफ आणि कॉम्प्युटर यांत त्यांच्या मते फरक फक्त वजनाचा होता.

"काही नको," शेंगदाणे भाजता भाजता मुईमावशी म्हणाली. "आधी त्याला मारू दे. मग तू मारलंस तर लोक म्हणतील, बिचाऱ्याने सहन केलं हो किती! आपली बाजू शाबूत राहते."

"बाजू शाबूत राहते, गाव राहत नाही," तिएपकाका.

क्वेत तेवढा जाणकार. दुकान त्याचं, पंचवीस वर्षं लोकांचे पराभव बघून त्याचे केस पिकले होते. तो म्हणाला, "लुआनकाका, चौघांच्या डावात सुरुवातीची लढाई म्हणजे दोघांनी एकमेकांची भाकरी जाळायची आणि तिसऱ्याने शेक घ्यायचा. तीच माणसं घरी राबली असती तर गाव दुप्पट झालं असतं. तेव्हा शेजारी अगदी खेटून असेल, त्याच्याकडे एकही भालेकरी नसेल, आणि घाव घातला तर एका दमात संपवता येत असेल, तरच हात उचलायचा. यातलं एकही कमी असलं तर गुमान शेती करावी."

"मी शेतीच करणार आहे," लुआन म्हणाला.

"तुम्ही करालच हो," क्वेत म्हणाला, आणि सगळी टपरी हसली. तेही लुआनला लागलं. तो आठवडाच लागायचा होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण गल्लीच्या वार्षिक अहवालात 'सांस्कृतिक व क्रीडाविषयक चळवळ' हा रकाना तिएपकाकांना दरवर्षी रिकामा सोडावा लागे, आणि तो त्यांच्या छातीत सलत असे. त्यांनी जाहीर केलं, की हा सामना गल्लीचा आहे आणि त्याची घोषणा वॉर्डाच्या भोंग्यावरून झाली पाहिजे. मजकूर त्यांनी स्वतः लिहिला. पानभर होता. त्यात साम्राज्य होतं, रणसंग्राम होता, दोन घराण्यांची मैत्री होती आणि शत्रूच्या उरात धडकी होती.

भोंग्यावर काही बोलायचं तर वॉर्ड ऑफिसच्या संस्कृती विभागातल्या बाईंची मंजुरी लागते. बाईंनी चष्मा लावला. 'साम्राज्य' खोडलं, साम्राज्यं आपण उलथवली आहेत, म्हणाल्या. 'रणसंग्राम' खोडला, कारण शेजारच्या गल्लीत दवाखाना आहे. 'खेळ' खोडला, कारण पोरांच्या परीक्षा जवळ आल्या आहेत. 'शत्रू' खोडला, कारण तो कोण हे स्पष्ट होत नव्हतं. 'मैत्री' मात्र राहू द्या म्हणाल्या; पण आजूबाजूची वाक्यंच गेल्यावर मैत्रीला उभं राहायला जागा उरली नाही. शिक्का मारून जे परत आलं ते शुक्रवारी पहाटे आणि शनिवारी पहाटे सगळ्या गल्लीने अंथरुणात ऐकलं: "नागरिक लुआन यांनी शनिवारी दुपारी तीन वाजता गल्लीच्या तोंडाशी हजर राहावे. शिस्त पाळावी. कुटुंबीयांनी सहकार्य करावे."

लुआनला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट आपलं नाव भोंग्यावर आलं याचंच त्याला अप्रूप. शनिवारी सकाळी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर सूर्यफुलाच्या बिया मांडून बसला होता. बिया म्हणजे गडी, चहाची किटली म्हणजे गाव. हरायचंच आहे, पण अब्रूने हरायला तरी थोडा अभ्यास नको का? आई येऊन शेजारी उभी राहिली. हल्ली तिच्या आठवणी ठिकाणावर नसत. कालचं काल विसरायची, आणि पन्नास वर्षांपूर्वीचं आज सकाळी घडल्यासारखं सांगायची.

"लुआन, भोंग्यावर तुझं नाव आलं का रे?"

"हो आई."

"कशाला बोलावलंय?"

"लढायला," लुआन एक बी किटलीमागे सरकवत म्हणाला.

"जायलाच हवं का?"

"नाव दिलंय. आता माघार नाही."

"मग परत कधी येशील?"

"संपेल तेव्हा. आई, जरा बाजूला हो बघू, उजेड अडतोय."

आई बाजूला झाली. थोड्या वेळाने तिने तांदूळ धुवायला घेतले. मिएन आणि हान बाजारात गेल्या होत्या, आणि लुआनचं लक्ष बियांत होतं.

तीन वाजता क्वेतच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दोआन तोच इस्त्रीचा शर्ट घालून आले, येताना शेंगदाण्याच्या वड्यांचा डबा आणला आणि अनोळखी माणसांनाही दोन्ही हातांनी वड्या दिल्या. त्यांना दाराजवळचा कॉम्प्युटर मिळाला. लुआन समोरच्या रांगेत, मध्ये प्लायवूडची आडवी फळी. त्यामुळे एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. आतल्या कोपऱ्यात फोंग, आणि चौथा भिडू म्हणून खुद्द क्वेत. गल्ली झाडून सगळी लुआनच्या पाठीशी उभी राहिली. इतकी पाठीशी, की त्याला मानही मागे वळवता येईना.

डाव सुरू झाला. लुआनने गड्यांना कामाला लावलं, एकाला पाहणीला धाडलं. आणि काय बघतो! जंगल ओलांडलं की लगेच दोआनसाहेबांचं गाव. अगदी खेटून. भालेकरी एक नाही. फळांच्या झुडपापाशी गडी उभे.

"तोफ!" तिएपकाका त्याच्या कानात म्हणाले.

"नाही," लुआन पुटपुटला. "हरायचंय."

त्याने खरंच पहिल्या भिंतीचा दगड ठेवला. पण नजर पुन्हा त्या झुडपाकडे गेली. दोआनचे गडी फळं तोडत नव्हते. नुसते उभे होते. हात खाली सोडून, त्याच्याकडे बघत. थोडा वेळ गेला, तरी उभेच.

आता इथे माणसाचं मन कसं चालतं बघा. शहाण्याला वाटलं असतं, गृहस्थाला काही अडचण आली असेल. लुआनला वाटलं, हा आपल्याला भीक घालतोय! याच्याही कानावर गेलंय, कोठार म्हणून. मी हरायच्या आधी हाच हरून दाखवतोय, आणि उद्या तबकं घेऊन येईल तेव्हा हसून म्हणेल, जिंकलात हं व्याहीबुवा! आठवडाभराचं सगळं लागलेलं एकदम वर आलं. बायकोचं, टपरीचं, कचेरीतल्या पोत्यांचं.

"खेटून आहे," तो म्हणाला. "भाला नाही. आणि एका दमात संपेल."

त्याने गडी पाठवले आणि व्याह्याच्या झुडपापाशी, अगदी फळांना लागून, टेहळणीचा बुरूज बांधायला घेतला. बुरूज वर आला. बाण सुटू लागले. दोआनचा एक गडी पडला, बाकीचे तसेच उभे. दुसरा पडला. गल्लीने आरोळी ठोकली. तिएपकाका बाकावर चढले. आणि आयुष्यात पहिल्यांदा लुआनच्या तोंडून असा आवाज निघाला, की तो त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "सोडू नका! एकालाही सोडू नका!"

मग हळूहळू आरोळी विरली. "अहो, पण ते कुठेयत?" कुणीतरी विचारलं. गर्दी जरा हलली, लुआनने फळीवरून पाहिलं. दोआनची खुर्ची रिकामी होती.

थोड्या वेळाने दोआन परत आले. ते शांतपणे बसले, पडद्याकडे बघितलं. शर्टाच्या पुढच्या बाजूला तीळ सांडले होते.

"बाबा, कुठे होतात?" फोंगने विचारलं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"जरा बाहेर गेलो होतो." मग फळीपलीकडून त्यांचा आवाज आला, "वा, व्याहीबुवा! लवकर आलात. मला तर कुणीतरी सांगितलं होतं, तुम्ही भिंती बांधता."

त्यांचा एकच गडी उरला होता, लाकडं तोडायला जंगलात गेलेला. त्याला घेऊन ते खेळत राहिले; उठून जाणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. लुआनला त्या एका गड्याला मारवेना आणि सोडूनही देता येईना. त्याचे गडी त्या गड्यामागून जंगलभर फिरत राहिले, जसं काही एखाद्याची हरवलेली छत्री परत करायला निघालेत. तेवढ्यात भाकरीचा शेक घेऊन झालेला क्वेत हत्ती घेऊन आला आणि त्याने लुआनचं कुंपण नसलेलं गाव सपाट केलं. निदान हरण्याचा शब्द पाळला गेला.

दोआन सगळ्यांचा निरोप घेऊन गेले. उद्याच्या तबकांबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. तासाभराने फोंगचा हानला निरोप आला, की उद्याचं जमत नाही, पुढच्या रविवारचं बाबा सांगतील.

लुआन टपरीवर येऊन बसला. मुईमावशीने त्याच्यापुढे चहा आपटला.

"तुझी आई आली होती."

"कुठे?"

"दुकानाच्या दारात! हातात पिशवी, पिशवीत तुझा गरम सदरा, आणि पंच्यात बांधलेले भाताचे गोळे न् तीळमीठ. म्हणते कशी, माझ्या मुलाला नेऊ नका, एक नेलात तो पुरे. तुला हाका मारल्या रे तिने."

लुआनने पेला खाली ठेवला. तो अंगावर पीत होता तेव्हा त्याच्या बापाचं नाव याच गल्लीत, याच भोंग्यावरून पुकारलं होतं. आईने त्यालाही असेच तीळमीठ लावून भाताचे गोळे बांधून दिले होते. परत आला तो देव्हाऱ्यातला फोटो.

"मग?"

"मग काय! तुझा व्याही उठला. म्हणाला, आई, तुमच्या मुलाचं नाव खोडलंय. त्याच्या जागी मी जातोय. ती म्हणाली, खरं सांगतोस? तो म्हणाला, खरं. मग तिने पिशवी त्याला दिली. त्याने दोन्ही हातांनी घेतली, तिला हाताला धरून घरापर्यंत सोडलं, आणि तिची खात्री पटावी म्हणून तिच्यासमोर बसून एक गोळा खाल्ला."

"मला सांगायचं नाही होय कुणी?"

"दारातली माणसं आली होती ना सांगायला! तुझ्यापर्यंत पोचायला वाट कुठे होती? आणि तू ओरडत होतास, एकालाही सोडू नका म्हणून."

लुआनला वाटलं, हा रस्ता फाटावा आणि आपल्याला पोटात घ्यावं. रस्ते असे वेळेवर फाटत नाहीत. तो घरी गेला.

आई दारातच बसली होती. त्याला बघून तिचा चेहरा उजळला. "सोडलं ना तुला?"

"सोडलं, आई."

"तो बिचारा गेला रे तुझ्याऐवजी. कुणाचा कोण! नाव विचारायचंसुद्धा राहिलं. आला का परत?"

"आला, आई. घरी गेला."

आईने त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली. "तुझ्या बापाच्या वेळीही असंच सांगत होते."

त्या रात्री मिएन जे बोलली ते एवढंच: "एक काम सांगितलं होतं, हरा म्हणून. जन्मभर जे फुकटात करत आलात ते एक दिवस मुलीसाठी करायचं होतं." जेवताना हानने रीतीप्रमाणे आधी बापाला भात वाढला, पण त्याच्याकडे बघितलं नाही. ओरडली असती तर लुआनला बरं वाटलं असतं.

तो आठवडा कसा गेला ते सांगण्यासारखं नाही. माफी मागायला फोन करावा म्हणून लुआन हातात घ्यायचा. पण बोलायचं काय? 'आपण माझ्या आईला घरी सोडत होतात तेव्हा मी आपली माणसं मारत होतो, तरी राग नसावा'? तिएपकाका म्हणाले, तह करताना आधी दूत पाठवावा, मी जातो. मुईमावशी म्हणाली, याला पाठवलंस तर मुलगी जन्मभर बापाच्या घरीच राहील. वॉर्डातल्या बाईंनी सामन्याचा निकाल लेखी मागितला होता, त्याचंही उत्तर द्यायचं राहिलं होतं. कचेरीत कुणीतरी त्याला कोठार न म्हणता सेनापती म्हणालं, तेव्हा तो मीटरच्या खोलीत जाऊन बराच वेळ बसला.

आणि आई रोज दारात बसायची. कालचं काल विसरणारी आई, पण हे मात्र विसरली नाही. गल्लीत कुणी पांढरा शर्ट घालून आला की उठायची, बघायची, पुन्हा बसायची. "नाही आला," म्हणायची. लुआनला तिच्या पाठीकडे बघवत नसे.

रविवारी दहाच्या सुमाराला फटफटीचा आवाज आला. मग दुसरी, मग रिक्षा. लाल कपड्याने झाकलेली तबकं उतरली, फोंगच्या मावश्या उतरल्या, आणि सगळ्यांच्या पुढे दोआन, तीच इस्त्री, हातात एक छोटी पिशवी. मिएनच्या तोंडून हुंदका की हसू ते कळलं नाही. लुआन पाठ केलेली माफी घेऊन पुढे सरसावला. पण आई त्याच्या आधी उठली होती.

"आला! मिएन, अगं भात टाक, आला तो! परत आला!"

तिने दोआनचे दंड चाचपले, खांदे चाचपले, एक हात, दुसरा हात, वाकून पायसुद्धा बघितले. सगळी वरात तबकं घेऊन रस्त्यात खोळंबली, पण कुणी हललं नाही.

"सगळं शाबूत आहे, आई," दोआन म्हणाले. "आठवडाभर तापाने पडलो होतो, म्हणून यायला उशीर झाला." त्यांनी पिशवीतून तिचा पंचा काढला, धुऊन घडी घातलेला, आणि दोन्ही हातांनी तिला दिला. "गोळे फार छान झाले होते."

"आणि तुझी माणसं रे? तुझ्याबरोबरची?"

दोआननी एकदाच लुआनकडे बघितलं.

"एक वाचला, आई."

आईने पंच्याने डोळे टिपले. "एक तरी वाचला. आमच्यात तेवढंही झालं नव्हतं." मग ती लुआनकडे वळली. "बघतोस काय नुसता? तुझ्या वाटणीचं याने भोगलंय. चहा ओत त्याला."

पाठ केलेल्या माफीतला एकही शब्द लुआनला आठवेना. त्याने चहा ओतला, थोडा बशीत सांडला, आणि पेला दोन्ही हातांनी पुढे केला. दोआननी तो दोन्ही हातांनी घेतला.